पेटीतल्या चिठ्ठ्या

प्रिय अप्पा,

हेब्बाळहून बसवनगुडी काही लांब नाही, तरी लेक टपाल धाडते म्हणून हसू नका. समोर बसून तुमच्या हाताखालच्या देवाप्पा अण्णांचं नाव काढलं की तुम्ही उठून तुळशीला पाणी घालायला जाता. परवा एका संध्याकाळीच दोनदा घातलंत. बिचारी कुजायची. पत्रातून असं उठून जाता येत नाही.

आम्ही दोघं मजेत आहोत. गिरीराजची बदली टळली. बाकी सगळं सरी, ठीक चाललंय, फक्त मनाला चैन नाही.

शाळा सुटली की मी तुमच्या कोर्टात येऊन बसायची, आठवतं? तुम्ही नाझर. लोकांनी भरलेला दंड, पोटगी, अनामत, सगळं तुमच्या लोखंडी पेटीत. एखादा शिपाई दारात घुटमळायचा, ‘स्वल्प अडचण आहे’ म्हणायचा. तुम्ही नोटा काढून द्यायचात आणि त्या जागी त्याच्या सहीची चिठ्ठी ठेवायचात. पगार झाला की पैसे परत, चिठ्ठी फाडली. सगळं ऑफिस तुम्हाला देवमाणूस म्हणायचं, आणि मी ऐटीत ऐकायची. आजीच्या ऑपरेशनला तुमचीही चिठ्ठी पडली. ते पैसे आपले नाहीत, हे कुणाच्या मनातही आलं नाही. चिठ्ठी म्हणजे रोखच, असं तिथे सगळेच धरून चालले होते.

तुमच्या निरोपाच्या दिवशी देवाप्पा अण्णांनी चार्ज घेतला. ज्यांनी काम शिकवलं त्यांच्यासमोर पेटी उलटी करून मोजायची, हे त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी चिठ्ठ्याही रोखीत धरल्या आणि सही केली. पुढे चिठ्ठ्या लिहिणारे बदलून गेले, काही वारले. मग कमलाबाई आल्या. नवऱ्याने भरलेली पोटगी त्यांना मुलाच्या फीसाठी हवी होती. अण्णा ‘उद्या या’ म्हणत राहिले, आणि त्या कंटाळून थेट न्यायाधीशांकडे गेल्या. बरं केलं त्यांनी. पेटी उघडली, अण्णा निलंबित झाले, गुन्हाही एकट्या त्यांच्यावर दाखल झाला.

मी येलहंक्याला त्यांच्या घरी जाऊन आले. गुरूचं नाव तोंडातून निघणार नाही, असं त्यांनी बायकोला बजावलंय. मला चहा दिला आणि तुमचा गुडघा कसा आहे ते विचारलं. मला तिथेच रडू फुटलं. अप्पा, तुमचा एवढा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

पण रविवारी जेवताना तुम्ही मान खाली घालून हळूच विचारलंत, देवाप्पाच्या घरी आता कमावतं कोण? तेव्हा वाटलं, माझा बाप अजून जागेवर आहे. चौकशी अधिकारी निवृत्त माणसांचाही जबाब घेतात, मी विचारून आले. खरं सांगितलंत तर पेन्शन अडकेल, तुमच्यावरही खटला होईल. आईशी बोलले. घर विकायला लागलं तर लहान घेऊ, म्हणाली. अण्णा त्याने सुटणार नाहीत, सही त्यांची आहेच. पण एकटे पडणार नाहीत, आणि लोकांचे पैसे कुठे गेले ते लोकांना कळेल.

आता जे सांगायला हे सगळं लिहिलं ते सांगते. तुमच्या नकळत मी परीक्षा दिली होती. शहरातल्याच एका कोर्टात, पैसे स्वीकारण्याच्या खिडकीवर, मला नोकरी लागली आहे. एक तारखेला रुजू व्हायचंय. तिथे पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारणार, कुणाची मुलगी? मला त्यांच्याकडे बघून रघुजी नाझरांची म्हणायचंय. तुमचा जबाब झाला नाही तर मी त्या खिडकीत बसणार नाही. चौकशी गुरुवारी आहे. सकाळी मी रिक्षा घेऊन दारात येते, आई तुमचा शर्ट इस्त्री करून ठेवणार आहे. आत तुम्ही एकटेच जाल, बाहेरच्या बाकावर मी असेन.

तुमचीच,
अक्षरा