लोखंडाच्या डोंगराकडे तोंड

३ मार्च
कोपियापो शहरातून बसने पोचले, नर्सच्या नव्या नोकरीवर. सामान लावलं, कपाटावरची धूळ पुसली, मगच चहा घेतला. खाणीच्या गावातलं हे छोटं इस्पितळ मला पसंत पडलं. नवं एमआरआय यंत्र चाकांवरचं आहे. त्याचं चुंबक अगदी कमी ताकदीचं, म्हणून शिरेतून लोखंडाचे अतिसूक्ष्म कण द्यायचे. निरोगी यकृत कण शोषतं, गाठ शोषत नाही आणि वेगळी उठून दिसते. पुढे कण अंगात विरून जातात.
सफाई करणारी झुनिल्दा म्हणाली, "ओर्तेन्सियाबाई, आमच्या डोंगरात काय कमी लोखंड आहे, म्हणून वर सुईतून देताय?" आगाऊ आहे, पण फरशी स्वच्छ ठेवते.

५ मार्च
लोक सुईला बिचकत होते. जे मी घेत नाही ते दुसऱ्याला देत नाही, हा माझा शिरस्ता. सर्वांसमोर पहिली सुई मी घेतली, दुसरी झुनिल्दाने. मग एवारिस्तो आजोबा, जुने खाणकामगार, बाही सरकवत म्हणाले, बाई मेली नाही, चला!

१२ मार्च
जेवणानंतर वॉर्ड झोपतो. आज पाहिलं, सुई घेतलेल्या सगळ्यांची तोंडं डोंगराकडे. आजोबांना खांद्याला धरून वळवलं. झोपेतच परत फिरले.

१५ मार्च
यंत्रावर पेशंटांचे पुन्हा फोटो काढले. कण विरलेले नाहीत. यकृताच्या एकाच कडेला, डोंगराच्या बाजूला, गोळा झालेत. आजोबांना उलटं निजवलं, तर कण दुसऱ्या कडेला सरकले. डॉक्टर लागुनास म्हणतात, यंत्र बिघडलंय. मी विचारलं, झोपेत माणसांना यंत्र वळवतं का?

१८ मार्च
आजोबांना पुढच्या तपासणीसाठी शहरात हलवलं. वाटेतच गेले. डोंगर मागे पडत गेला तसे ओरडत होते म्हणे, पाठीत हात घालून कुणी ओढतंय. पाठ आतून फाटली होती. सांगताना अँब्युलन्सचा ड्रायव्हर रडला.

१९ मार्च
झुनिल्दा कामावर आली नाही. डोंगरावरच्या खाणीच्या वाटेवर दिसली. हाक मारली, तर मागे न बघता म्हणाली, "तुम्ही पण या ना बाई, चढ लागतच नाही." परत आली नाही.

२० मार्च
माझा फोटो मीच काढला. आहेत. सगळे त्याच कडेला —
बसने जाता येणार नाही. आजोबांसारखी —

२१ मार्च
खुर्चीला स्वतःला पट्ट्याने बांधलंय. डोंगराकडे पाठ. पाठीत काहीतरी चाचपडतंय. उठणार नाही. उठणार —

पट्टा सुटलाय. मीच सोडला असणार.

पायाखाली खडी. वही हातात आहे. मागे वळायचं म्हणते, मान —
खरंच, चढ अजिबात —