अर्ध्या शेळीवाल्यांचा दोमेनिको

पिएत्राव्हेन्तो,
९ नोव्हेंबर १९९७

आदरणीय सेराफिना आत्या,

तुमच्या दोन्ही हातांचं चुंबन घेऊन पत्राला सुरुवात करतो. गुडघा कसा आहे? जेनोव्हाच्या त्या चढावरून तुम्ही अजूनही भाजीची पिशवी स्वतः नेता असं कळलं. बरं वाटलं आणि थोडी भीतीही वाटली. बाबांच्या अंत्यविधीला पांढऱ्या फुलांचा मोठा हार आला होता, तो तुमचाच हे मी ओळखलं. त्यावर नाव नव्हतं, पण नाव न घालता हार पाठवणारं आपल्या घरात दुसरं कोण आहे? आजीच्या तांब्याच्या हंड्यावरून तुम्ही दोघं एकतीस वर्षं एकमेकांशी बोलला नाहीत, त्यात मी पडत नाही. (हंडा आमच्या तळघरात आहे. त्याला भोक पडलं आहे.)

मी बोलका माणूस नाही. मोजणी खात्यात सव्वीस वर्षं काढली. तिथं जमीन बोलत नाही, मीही बोललो नाही. बाबा गेल्यापासून तर बेकरीत ‘अर्धा पाव द्या’ एवढंच काय ते माझं दिवसाचं संभाषण. पण गेल्या नऊ दिवसांत जे झालं ते कुणाला तरी सांगायलाच हवं, आणि बाबांना ‘मिम्मो’ म्हणणारं आता घरात तुमच्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

बाबांची सवय तुम्हाला आठवत असेल. कॉफी अर्धीच प्यायची, सिगारेट अर्ध्यावर विझवून कानावर ठेवायची, बिस्किटाचे दोन तुकडे करून एक खिशात टाकायचा. (मलाही तीच सवय लागली. माझे सगळे कोट आतून खरखरीत आहेत.) हॉस्पिटलमध्ये शेवटच्या आठवड्यात ते म्हणाले, “पेटीला आख्खी जागा लागते. मला जाळा, राखेला अर्धी पुरते. पण पिएत्राव्हेन्तोला ठेव, आपल्या माणसांत.” मी विचारलं, आपली माणसं कोणती? ते म्हणाले, “स्कार्दामाल्या म्हण, कुणीही दाखवेल.” एकोणिसाव्या वर्षी सोडलेल्या गावाबद्दल एवढं बोलून ते भिंतीकडे वळले. मग मी तुम्हाला तीनदा फोन केला. तुम्ही म्हणालात, लाइन खराब आहे, काही ऐकू येत नाही.

तेव्हा मी निघालो. दिवाणखान्यातलं आडनावाचं प्रमाणपत्र पुरावा म्हणून काढून घेतलं. बाबांनी ते टपालानं मागवलं होतं. वर दोन पायांवर उभा चांदीचा सिंह आणि खाली मजकूर, की स्कार्दामाल्यांचा मूळ पुरुष कप्तान होता आणि त्यानं तुर्कांना किल्ल्यावरून हाकललं. तोरिनो ते कालाब्रिया सबंध प्रवास मी एका काखेत सिंह आणि दुसऱ्या काखेत बाबा असा केला. डब्यातल्या बाईंनी चौकटीत कोण आहे विचारलं, पिशवीत कोण आहे ते विचारलं नाही.

गावाच्या कचेरीत इम्माकोलाता नावाच्या बाई नोंदणीला बसतात. त्यांनी सिंहाकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, “हा दारामागं ठेवा. तिथं असे अजून चार आहेत.” मी आडनाव सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. “आडनाव काय सांगताय? अकराशे स्कार्दामाल्या आहेत गावात. मी स्कार्दामाल्या, माझा नवरा स्कार्दामाल्या, बाहेर बोंबलतोय तो मासेवालाही स्कार्दामाल्या. घराचं नाव सांगा.” मग कळलं की इथं आडनाव फक्त टपालासाठी असतं. माणूस ओळखला जातो घराच्या टोपणनावानं: घंटाचोर, तीनचमचे, पोपचे जावई. बाबांनी ते नाव मला कधीच सांगितलं नव्हतं. वडिलांच्या नावावरूनही काही जमेना, कारण पहिल्या मुलाला आजोबांचं नाव द्यायची रीत. त्यामुळे दोमेनिकोचा ज्युसेप्पे, ज्युसेप्पेचा दोमेनिको, अशी अर्ध्या गावाची मेंढ्यांसारखी रांग लागलेली. (मीही त्या रांगेतला ज्युसेप्पेच.) जन्मतारखेवरून शोधा म्हणालो, तर त्या सालची दप्तरं पुरात भिजली, वाळायला चौकात पसरली आणि शेळ्यांनी खाल्ली. बाईंनी हे असं सांगितलं, जणू हा कागदपत्रांचा नेहमीचाच मार्ग आहे. मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनाच दया आली. म्हणाल्या, “भिंतीवर निधनाचा कागद लावा. ज्यांचा असेल ते येतील.”

मी लावला. काळी चौकट, ‘दोमेनिको स्कार्दामाल्या, कै. ज्युसेप्पे यांचे चिरंजीव, वय ८१’. छापखान्यात घराचं नाव विचारलं, तेव्हा मला ते माहीत नाही म्हणायची लाज वाटली. नको, एवढं पुरे, असं म्हणालो. आत्या, त्या तीन शब्दांनी मी एका दिवसात सात माणसं मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात एक उंच म्हातारा हॅट हातात धरून माझा कागद वाचत होता. “मी कधी गेलो?” त्यानं मला विचारलं. मी गोंधळून म्हणालो, अकरा सप्टेंबरला. “आणि मला आज सांगताय?” हे घंटाचोरांचे दोमेनिको, निवृत्त न्हावी. बाकीचे सहाही जिवंत दोमेनिको तासाभरात हजर झाले. त्यातले पोपच्या जावयांचे दोमेनिको रागावलेले होते, मेल्याबद्दल नव्हे, वय चार वर्षांनी वाढवल्याबद्दल.

इथं दुःखाच्या घरी चूल पेटवत नाहीत, शेजारी जेवण आणतात. दुपारपर्यंत घंटाचोरांच्या घरी भाजलेल्या पास्त्याची तीन ताटं, कोंबडीचा रस्सा आणि मांसाचे गोळे येऊन पडले. त्यांची बायको रोझारिया दारात उभी राहून सगळ्यांना परत पाठवायला लागली. तेव्हा आतून नवऱ्याचा आवाज आला, “अगं थांब, बायकांनी एवढी मेहनत केलीय. आणि त्या समोरचीला आधी आत घे. जिवंत होतो तेव्हा तिनं मला एक ऑलिव्ह दिलं नाही.” मग त्यांचा मेहुणा रडत आला आणि कबूल करून बसला की शेताच्या बांधाचा दगड त्यानंच सरकवला होता. डोळे पुसून बघतो तर मयत रस्सा भुरकतोय. (मोजणीवाला म्हणून दगड जागेवर लावायला मलाच नेलं. अकरा वितींची चोरी निघाली. मेहुणा वाटभर म्हणत होता, हा खोटा मेला, माझं बोलणं धरू नका.)

संध्याकाळी घंटाचोरांच्या स्वयंपाकघरात टेबलावर बाबांचा कलश, भोवती सात दोमेनिको, आणि प्रत्येकजण तो आपल्यातला नाही हे शपथेवर सांगत होता. मला फार वाईट वाटलं, आत्या. अकराशे स्कार्दामाल्यांच्या गावात बाबा कुणाचेच नाहीत असं ठरत होतं. मी सकाळच्या गाडीनं परत जायचं मनात धरलं. रोझारियाबाईंनी कॉफी दिली, ती मी अर्धी प्यालो. बिस्किटाचे दोन तुकडे केले, एक खिशात टाकला. चुलीजवळ त्र्याण्णव वर्षांच्या दोन्ना कार्मेला बसल्या होत्या. मला त्या झोपल्या आहेत असं वाटत होतं. त्यांनी काठी जमिनीवर आपटली. “अरे बैलांनो, हा अर्ध्या शेळीवाल्यांचा आहे.”

घरात एकदम उजेड पडल्यासारखं झालं. “मिम्मो? अर्ध्या शेळीवाल्यांचा मिम्मो गेला?” घंटाचोरांनी कपाळाला हात लावला. “मग सरळ तसं लिहायचं ना. शाळेत त्यानं मला अर्धी पेन्सिल दिली होती.” सगळे उभे राहिले, सातही जणांनी कलशाला हात लावला आणि मग माझे गाल ओले होईपर्यंत माझे मुके घेतले. त्यानंतर मूळ पुरुषाची हकिकत सांगण्यात आली. तो कप्तान नव्हता, तुर्कांशी त्याचा संबंध नव्हता. त्यानं मेहुण्याबरोबर जत्रेत शेळी घेतली, वाटेत भांडण झालं, आणि सान रोक्कोची मिरवणूक चौकात असताना हा पठ्ठ्या अर्धी शेळी खांद्यावर घेऊन नेमका संताच्या मूर्तीमागोमाग गावात शिरला. उरलेल्या अर्ध्या शेळीबद्दल गाव अजून विचारतं. मलाही विचारलं. एकोणिसाव्या वर्षी बाबा हे नाव मागं टाकून गेले आणि उभा जन्म सिंहाखाली बसून अर्धी कॉफी प्यायले, हे मनात आलं आणि मला हसू फुटलं. आवरेना. दोन महिन्यांत पहिल्यांदा हसलो, आणि मध्येच ते रडणं झालं. इथल्या लोकांना दोन्हीत फारसा फरक वाटत नसावा, कारण त्यांनी माझ्यापुढे आणखी एक ताट ठेवलं.

कबरस्तानात आपल्या लोकांची जागा मिळाली. चार कप्पे आहेत. आजोबा, आजी, लढाईत गेलेले रोक्को काका. चौथ्याबद्दल खाली लिहितो. तब्येतीला जपा, आणि तो चढ एका दमात चढू नका.

तुमचा,
ज्युसेप्पे

ता. क. चौथ्या कप्प्यावर तुमचं नाव आहे. आजोबांनी कोरून ठेवलं, जन्मसाल आहे, पुढची जागा कोरी. वर तुमचा विसाव्या वर्षीचा फोटो. फार छान दिसता. गाव दर वर्षी मृतांच्या दिवशी तुम्हाला फुलं वाहतं. माफ करा, मीही वाहिली. तर विनंती अशी, की सोबतच्या अर्जावर सही करावी म्हणजे बाबांना तुमच्या कप्प्यात ठेवता येईल. मी मापं घेतली आहेत. खोली दोन मीटर पंचवीस, रुंदी सत्तर सेंटिमीटर. पेटी आणि कलश दोन्ही व्यवस्थित मावतात. बाबा कोपऱ्यात राहतील. ते म्हणाले होतेच, अर्धी जागा पुरते.

ता. क. २. घराचं नाव तुम्हाला माहीत होतं. लाइन खराब नव्हती.

ता. क. ३. पाथरवट परगावी त्याच्या मुलीकडे जाणार होता, म्हणून घाई झाली. बाबा आत आहेत, डावीकडे, आणि खाली ‘अर्ध्या शेळीवाल्यांचा मिम्मो’ असं कोरलं आहे. तुम्हाला मान्य नसेल तर सही करू नका. पण मग इथं येऊन त्यांना स्वतःच सांगावं लागेल, की बाहेर निघ. मी तुम्हाला स्टेशनवर घ्यायला येईन. हंडाही तळघरातून काढून, डाग देऊन आणेन.