डाव्या हाताचे दुपटे

मी, श्रीमती शालिनी विठ्ठल मिरजकर, वय वर्षे त्र्याहत्तर, राहणार नवनगर, हुबळी, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता, पोटभर नाश्ता करून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी जागेवर आहे. उजवा हात जागेवर नाही. दोन्ही गोष्टी देशपांडे नगरच्या डॉ. प्रभंजन हुद्दार यांनी काल तपासल्या असून त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. अक्षर वेडेवाकडे आहे, कारण ते डाव्या हाताचे आहे. वकील गुरुप्रसादअण्णा म्हणाले, "मावशी, मी टाईप करून आणतो, तुम्ही नुसता अंगठा लावा." मी नको म्हटले. का, ते पुढे येईलच. आधीचे टाईप केलेले मृत्युपत्र मी रद्द करते.

१. नवनगरचे राहते घर माझ्या यजमानांनी दुर्गदबैलातल्या आमच्या दोरे-बटणांच्या दुकानाच्या मिळकतीतून माझ्या नावे घेतले. ते मी माझी धाकटी सून सौ. रेश्मा मयूर मिरजकर हिला देते. तिच्या एकटीच्या नावे. मयूर त्यात राहीलच, तो कुठे जातोय. त्याला विचारले तेव्हा तो गोकुळ रोडच्या कारखान्यातून नुकताच आला होता. हात धूत म्हणाला, "आई, नाहीतरी किल्ली तिच्याकडंच असते."

थोरला प्रसाद बेंगळूरला असतो. धारवाडचा प्लॉट त्याला आधीच दिला आहे, तेव्हा त्याच्यावर अन्याय नाही. तो फोनवर म्हणाला, "आई, सुनेच्या नावावर कुणी घर करतं का? आणि तुझी सही बँकेतल्या सहीशी जुळायची नाही. उद्या कुणी म्हणालं, ही सही तुझी नव्हेच, तर?"

प्रसाद, हा 'कुणी' बेंगळूरला राहतो हे मला कळते बाबा. म्हणूनच नुसती सही न करता सगळे पत्र लिहिते आहे. हा हात कोणी शिकवला हे वाचलेस, की तो माझाच आहे हे तुला पटेल.

२. माझ्या क्रोशाच्या सगळ्या सुया, लोकरीची पेटी आणि नमुन्यांची वही रेश्माला.

मला क्रोशा कोणी शिकवला नाही. लग्नानंतर एक विणलेले टोपरे विकत आणले, टाका टाका उसवला आणि तसाच परत घालून बघितला. अकरा वेळा. पुढे आळीतल्या वीस-पंचवीस मुली माझ्याकडे शिकल्या. त्याची मला घमेंड होती, आणि घमेंडीला कान नसतात.

नऊ वर्षांपूर्वी रेश्मा या घरात आली. ती डावखुरी. पहिल्याच पंगतीत तिने डाव्या हाताने भात वाढला आणि मी पाहुण्यांसमोर म्हणाले, "आमच्यात डाव्या हातानं वाढत नाहीत." तिने मुकाट्याने हात बदलला. पुढे एकदा क्रोशा शिकवा म्हणून आली. मी म्हणाले, "आधी हात बदल, मग ये." तिने हात बदलला नाही, आणि परत विचारलेही नाही.

मी मुलींना शिकवत असले की ती समोरच्या बाकावर भाजी निवडत बसायची. शेजारी बसायला जागा असूनही समोरच. मला वाटे, हिला माझ्याजवळ बसायचे नाही. खरी गोष्ट अशी की समोर बसले की माझा उजवा हात तिला तिच्या डाव्या बाजूला दिसे, आरशातल्यासारखा. पोरीने भाजी निवडता निवडता माझी सगळी विद्या उचलली.

महिन्याभराने तिने शेजारच्या अनिताअक्कांच्या नातवासाठी केलेले दुपटे माझ्यापुढे ठेवले. साधेच, सरळ खांबांचे, म्हणजे उभ्या टाक्यांचे. पण साध्या दुपट्यातच खरी परीक्षा असते. ओळ सुरू करताना घातलेल्या तीन साखळ्या हाही एक खांबच धरायचा. उलट येताना त्याच्या डोक्यात टाका घालायला नवी बाई हमखास विसरते. मग दर ओळीला एक टाका गळतो आणि दुपटे निमुळते होत होत त्याची कुंची होते. माझे पहिले दुपटे तसेच झाले होते. रेश्माचे मी बोट लावून मोजले. पहिल्या ओळीत एकशे वीस, शेवटच्या ओळीत एकशे वीस. कड अशी, की पट्टी ठेवून रेघ मारावी.

मी म्हणाले, "लोकर जरा जाड घेतलीस."

एवढेच म्हणाले. आज लिहिते: इतके नेटके पहिले काम मी माझ्या हाताखाली शिकलेल्या एकाही मुलीचे पाहिले नाही. आणि ही तर माझ्या हाताखाली शिकलीच नव्हती.

३. दुपटे. सन २०२२ च्या श्रावणात माझी उजवी बाजू गेली. पाय परत आला, हात नुसता चिमटीपुरता आला. तेव्हा रेश्माला दुसरा महिना होता. आमच्यातल्या प्रत्येक बाळाच्या बाळंतविड्यात माझ्या हातचे दुपटे गेलेले. मी म्हणाले, "तुझ्या बाळाच्या नशिबी ते नाही गं."

तिने स्टूल ओढले आणि या वेळी समोर न बसता माझ्या शेजारी बसली. "आत्याबाई, आता आपण दोघी एकाच बाजूच्या," म्हणाली, आणि सुई माझ्या डाव्या हातात दिली.

उजव्या चिमटीने काम धरायचे, डाव्याने सुई चालवायची. एकशे वीस खांबांसाठी लागतात त्या एकशे बावीस साखळ्या घालायला मला चार दिवस लागले. सुई पडली की ती उचलून द्यायची, पण टाका एकही घातला नाही तिने. आठव्या ओळीला मोजले तर एकशे तेरा. सात टाके गळलेले. जी चूक मुलींना पन्नास वर्षे सांगितली, तीच. मी उसवायला घेतले.

"उसवू नका. दोन्ही कडांनी वाढवत नेऊ."

"वाकडं दिसेल की."

"दिसू दे. बाळ काय पट्टी घेऊन येणार आहे?"

सहा महिन्यांनी दुपटे झाले. मार्चमध्ये माझी नात राधा त्यातच गुंडाळून दवाखान्यातून घरी आली. हे दुपटे मी राधाला देते. सुरुवातीला कंबरेसारखे आत गेले आहे ते कोणी सरळ करू नये. डांबराच्या गोळ्या घालून कपाटातही ठेवू नये. वापरावे, मळवावे, धुवावे.

४. सोन्याच्या दोन पाटल्या प्रसादला, एका अटीवर.

राधा डावखुरी आहे. मागच्या दिवाळीत ती डाव्या हाताने लाडू खात होती. प्रसादने तो काढून तिच्या उजव्या हातात दिला. राधाने आईकडे बघितले आणि आईने माझ्याकडे. मी म्हणाले, "प्रसाद, लाडू होता त्या हातात दे." तो हसला. "आई, हे तर तूच शिकवलंस आम्हाला."

खरे आहे. मीच शिकवले. म्हणून उसवायचेही मलाच आहे. अट अशी: राधाचा हात कोणी बदलायचा नाही. घरात, पंगतीत, देवापुढे, कुठेही नाही. प्रसादने ही अट मोडली तर पाटल्या अनिताअक्कांना जातील, आणि त्या का मिळाल्या हे अक्का सगळ्या नवनगरला सांगतील.

गुरुप्रसादअण्णा म्हणाले, "मावशी, असली अट कोर्टात टिकत नाही." मी म्हणाले, "कोर्टात नको, घरात टिकू दे."

५. माझा टेबलक्लॉथचा नमुना स्वतःचा म्हणून प्रदर्शनात मांडणाऱ्या बाईंना मी क्षमा केली आहे. नाव लिहीत नाही. नमुना मात्र परत मिळालेला नाही, तो मिळाल्यास वहीत ठेवावा.

६. पंगतीत बोलले त्याबद्दल मी रेश्माची माफी मागते. माफीसाठी मरणाची वाट बघणे बरे नव्हे, म्हणून आज संध्याकाळी तिला तोंडानेही सांगणार आहे. इथे लिहिले ते एवढ्यासाठी, की पंगतीत ऐकलेल्यांनी हेही ऐकावे.

बँकेतली माझी सही उजव्या हाताची आहे. खालची सही रेश्माने शिकवलेल्या हाताची आहे. दोन्ही जुळत नाहीत. जुळू नयेतच.

(सही) शालिनी विठ्ठल मिरजकर

साक्षीदार:

१. डॉ. प्रभंजन हुद्दार, देशपांडे नगर, हुबळी.

२. सौ. अनिता देसाई, नवनगर. सही होताना मी आणि डॉक्टर समोर होतो. रेश्माला बाहेर बसवले होते. शालिनीअक्कांनी सही डाव्या हाताने, कोणीही हात न धरता केली. वेळ लागला. आम्ही थांबलो.

ठिकाण: नवनगर, हुबळी
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२५