बंड्या गुरगुरायचा थांबला

३ नोव्हेंबर, सोमवार
आज बंड्या ओवीवर गुरगुरला. दात दाखवून. पोर चौदा महिन्यांची, डुलत डुलत त्याच्या थाळीकडे निघालेली, एवढंच. दोन चपला हाणल्या, गप्प झाला. संदीप, सूनबाई दिवसभर हिंजवडीला. नात माझ्या भरवशावर इथे मुठा गावात. संध्याकाळी दोघांना यातलं सांगितलं नाही. नऊ वर्षांचं घरचं कुत्रं. हिने, हयात असताना, बाटलीने दूध पाजून वाढवलेलं.

५ नोव्हें.
आमच्यात उरल्या पिठाची चानकी, इवलीशी भाकरी, कुत्र्याला, आणि तीही घरातल्या सगळ्यात धाकट्या हाताने. आई मला द्यायला लावायची. म्हणायची, हातचं खाल्लं की ओळख पटते. आज ओवीची इवली मूठ माझ्या मुठीत धरून दिली. तिसरीच्या पुस्तकातली कुत्र्याची कविता चालीवर म्हटली. तीन कडवी पाठ आहेत, चौथं कुठे सांडलं कोण जाणे. बाकावर ठेका धरायचो आम्ही, सबंध वर्ग…
बंड्याने तुकडा घेतला. पण अंग ताठ, डोळ्याचा पांढरा कोपरा दिसला. घशात घरघर. पुन्हा चप्पल.

७ नोव्हें.
आता नुसती चप्पल दाखवली तरी आवाज बंद. संदीपला म्हटलं, ओळख पटली. हसला, "आण्णा, तुम्ही मास्तरच व्हायला हवं होतं." बरं वाटलं.
भाकऱ्या करायला येणारी हिराबाई मात्र, "त्यो पोरीकडं कसा बगतोय बगा. बांदा त्येला."
"अगं, माणसाळला तो."
"माजं काय जातंय? पोर तुमची हाय."

१० नोव्हें.
ओवी चानकी घेऊन माझ्या हातून निसटली. आवाज नाही, काही नाही. एकदम दंडाला दात. रक्त. हिराबाईने नळाखाली साबणाने धुतलं. मी नुसता उभा. तिलाच बरोबर घेऊन पौडचा दवाखाना, इंजेक्शनं. सूनबाई कॅबने थेट तिथे आली.
"आण्णा, आधी कधी केलं होतं असं?"
"नाही."
हिराबाई माझ्याकडे बघत राहिली.

११ नोव्हें.
बंड्या गोठ्यात साखळीला. जनावरांचे डॉ. आले. मागचा पाय दाबताच कळवळला. सांधे गेलेत म्हणे. पिसाळतो का बघायला दहा दिवस नजरेखाली ठेवा, कुठे देऊ नका. त्यांना एकट्यांना खरं सांगितलं. चपलेचंही.
"गुरगुरून तो सांगत होता, लांब राहा. तुम्ही ते सांगणं तेवढं बंद केलंत."
सूनबाई ओवीला घेऊन माहेरी गेली. कुत्रं आहे तोवर येणार नाही. बरोबरच आहे तिचं.

१५ नोव्हें.
पाणी पितोय का, हे दिवसातून वीसदा बघतो. पितो. शेपूट हलवतो. मला त्याच्या जवळ जायची भीती वाटते. ह्या कुत्र्याची! ओवी फोनवर "बं बं" करते. विचारते त्याला.

२१ नोव्हें., शुक्रवार
दहा दिवस झाले. कुत्रं ठणठणीत, ओवीचीही जखम सुकली. संदीप म्हणाला, "कुणालाही द्या आण्णा, पण आता द्या."
दुपारी वरच्या वाडीचा सखाराम आला. "द्या की मला. राखनीला बेस. गुरगुरत बी न्हाई उगं."
"घरात कोण कोण?"
"आमी दोगं. अन् लेकीची पोरगी. रांगतीया."
"सखाराम, अरे…"
"काय वं?"
"मागचा पाय दुखतो त्याचा."
"हात्तिच्या! त्येल लावू की."
उद्या सकाळी न्यायला येतो म्हणाला.
चावल्याचं सांगितलं तर नेणार नाही. मग बंड्याचं काय, आणि ओवी परत कधी… संदीपला त्या रांगत्या पोरीचं सांगितलेलं नाही.
सखारामचा नंबर काढून समोर ठेवला आहे. दोनदा लावला, वाजायच्या आत बंद केला. चार वाजलेत. रानातून सहापर्यंत घरी येतो तो. फोनवर जमलं नाही, तर तोवर वाडी गाठायला हवी.