झुलालचं पोस्टाचं इंजिनिअरिंग

१ जानेवारी १९९०
मिलच्या शेठने कामगारांना डायऱ्या वाटल्या. झुलाल म्हणाला, माय, मला काय करायचीय? मी म्हटलं, आण इकडे. मला अक्षर येत नाही, बोलता भरपूर येतं. सून प्रमिला दहावी पास आहे. मी सांगायचं, तिने लिहायचं. एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही.

कारण असं: माझा लेक झुलाल पाचोऱ्याला तेलाच्या मिलमध्ये फिटर आहे आणि नोकरी सांभाळून पोस्टाने इंजिनिअर होत आहे. पुस्तकं पोस्टाने येतात, परीक्षा वर्षातून दोनदा धुळ्याला. सहावं साल चालू आहे. यंदा होणारच. उद्या लोक विचारतील कसा झाला, तर वही पुढे करता येईल.

३ जानेवारी
का, तेही लिहून ठेव. सहा वर्षांपूर्वी मी मिलमध्ये डबा द्यायला गेले होते. पुण्याहून आलेला नवा इंजिनिअर, मिसरूडही फुटलेलं नाही, माझ्या पस्तीस वर्षांच्या लेकाला म्हणाला, ए झुलाल, पाना दे. झुलालने दिला. मशीन झुलालनेच चालू केलं आणि साहेब कोण, तर ते पोरगं. त्याच दिवशी ठरवलं. झुलालला साहेब म्हटलेलं या कानांनी ऐकेन, मगच डोळे मिटेन.

९ जानेवारी, पहाटे
चारची मालगाडी शिट्टी देते तेव्हा झुलालला अभ्यासाला उठवते. घड्याळ मला कळत नाही, मालगाडी कळते. दुसऱ्या पाळीवरून बाराला घरी येतो, तरी चारला उठवतेच. एक दिवस खाडा नाही. प्रमिला म्हणते, आत्या, थोडं झोपू द्या. तिला झोपेपलीकडे काही दिसत नाही. लिही, लिही, तुझंच आहे.

२२ जानेवारी
पुस्तकावर डोकं टेकून, डोळे मिटून बसला होता. प्रमिला म्हणाली, झोपलेत. मी म्हटलं, पाठ करतोय. ओठ हलत होते. थोडी लाळही गळाली. इतकं मन लावून कोण अभ्यास करतं?

११ फेब्रुवारी
पुस्तकांना ऊन दाखवलं. सहा वर्षांत एका पानावर डाग नाही, कोपरा दुमडलेला नाही. काही पानं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत. वस्तू वापरावी तर माझ्या लेकाने.

१८ मार्च
डिसेंबरच्या परीक्षेचा निकाल विचारला. म्हणाला, राखून ठेवलाय. मागच्या खेपेलाही राखूनच ठेवला होता, त्याच्या आधीही. हलक्या मालाला कोण राखून ठेवतं?

२ एप्रिल
ठराव. जूनच्या परीक्षेपर्यंत घरात पाहुणा नको.

३ एप्रिल
धरणगावहून माझी धाकटी बहीण भागाबाई आली. बहीण म्हणजे पाहुणा नव्हे.

१४ एप्रिल
भागाबाई आज गेली. अकरा दिवस राहिली. जाताना झुलालच्या पोराकडे बोट दाखवून म्हणे, अक्का, तुना झुलालना आंडोर पहिले इंजिनिअर व्हई. आणि पदर तोंडाला लावून हसली. तिच्या लेकाचं रॉकेलचं दुकान आहे. पोटात दुखणारच.

६ मे, सकाळी सहा
ठराव. झुलालचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून परीक्षेपर्यंत माझं मौन. खुणेने बोलेन.

६ मे, सकाळी सात
मौन सोडलं. दूधवाल्याने पाणी घातलेलं होतं. ते खुणेने कसं सांगायचं?

१२ जून
उद्या पेपर. पहाटेची एस.टी., भडगाव, पारोळा, धुळे. सेंटर एका शाळेत आहे. मी दर खेपेला सोबत जाते. गेटसमोरच्या कडुलिंबाखाली तीन तास बसते, जागची हलत नाही. बाकीच्यांच्या आया येत नाहीत. लेकरांना एकटं सोडतात, मग नापास झाली की रडतात.

दही-साखर हातावर द्यायची. विसरायचं नाही.

१३ जून, रात्री परत आल्यावर
लिही.

झुलाल गेटातून आत गेला. ऊन फार. गेटाजवळचा माठ कोरडा. घसा सुकला म्हणून नाइलाजाने उठले, पाणी शोधत शाळेच्या मागच्या बाजूला गेले. तिथे शिपायाची खोली. खोलीबाहेर चपला. टायरच्या तळाच्या, डाव्या अंगठ्याला लाल दोरा. तो दोरा मी स्वतः घातला होता, शिमग्याच्या आदल्या दिवशी. अक्षर वाचता येत नाही, पण लेकाच्या चपला वाचता येतात.

आवाज देणार, तेवढ्यात शिपाई बाहेर आला. कादर नाव त्याचं. ओठांवर बोट ठेवून म्हणाला, जरा हळू, अम्मा. साहेब झोपलेत.

कोण साहेब, मी विचारलं.

पाचोऱ्याचे, मिलवाले साहेब. आमची पाण्याची मोटर चालू करून दिली त्यांनी, इथल्या कुणालाच जमत नव्हती. वर्षातून दोनदा येतात, तीन तास गाढ झोपतात, घंटा झाली की मी उठवतो.

आणि पेपर?

पहिल्या दोन खेपा बसले होते. मग फॉर्मच भरला नाही. मी म्हटलं, साहेब, मग इतक्या लांब येता कशाला? तर म्हणाले, गेटवर माय बसलीय, मी जाऊ कुठे?

एवढं बोलून त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. पाण्याचा तांब्या आणून दिला. पाणी गोड होतं. झुलालच्या मोटरचं.

परत कडुलिंबाखाली येऊन बसले. घंटा झाली. झुलाल डोळे चोळत आला. मला इतकी वर्षं वाटायचं, लिहून लिहून लाल होतात. विचारलं, पेपर कसा गया? म्हणाला, बेस गया, माय. बठ्ठं लिखं. सगळं लिहिलं म्हणे.

डबा उघडून दिला. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. चार दशम्या खाल्ल्या. मायला फसवून इतकी भूक लागते, मला माहीत नव्हतं.

१४ जून
काल सांगत होते तेव्हा प्रमिलाचा पेन एकदाही थांबला नाही. नवऱ्याचं असं ऐकून कोणत्याही बाईचा पेन थांबेल. विचारलं, तुला कधीपासून माहीत? खाली मान घालून म्हणाली, चौथं साल आहे. मग हे सगळं लिहिलंस कसं? पाठ करतोय, राखून ठेवलाय? म्हणाली, आत्या, तुम्हीच म्हणालात, एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही.

भागाबाईलाही माहीत होतं. मिलमध्येही. सहा वर्षं परीक्षेला एकटी मीच बसत होते.

आजपासून प्रमिलाचं लिहिणं बंद. एवढं लिहून झाल्यावर.

१५ जून
आज लिहिणारा झुलाल. शिक्षा म्हणून. कालपासून माझ्या तोंडाकडे बघत नाही. बघू नको, लिही.

लिही, मी झुलाल, वय एकेचाळीस, माझ्या मायला दहा वेळा धुळ्याच्या उन्हात फुकट बसवलं. लिही, दर वेळी तिच्या हातचं दही-साखर खाल्लं आणि तिला बेस गया म्हटलं. लिही, गणिताच्या पेपरात मला काहीच आलं नाही आणि ते घरी सांगायची लाज वाटली. हे मी सांगितलेलं नाही, हे त्याने आपल्या मनाने लिहिलं. वाचून दाखवलं म्हणून कळलं. राहू दे. लिही, मला साहेब व्हायचंच नव्हतं. हेही त्याचंच. मी विचारलं, मग सहा वर्षं तुला हवं तरी काय होतं? म्हणतो, माय, मला फक्त

१६ जून
पुन्हा प्रमिलाचं अक्षर. दुसरं आहे कोण?

वरचं वाक्य अर्धं राहिलं, कारण झुलाल पेन हातात धरून वहीवरच झोपला. माफ केलेलं नाही. बोलणार नाही मी त्याच्याशी. हा ठराव.

पहाटे चारची मालगाडी शिट्टी देऊन गेली. सवयीने उठले, त्याच्या उशाशी गेले, हात पुढे केला. ओठ हलत होते. थोडी लाळ गळाली होती.

मागून प्रमिला म्हणाली, झोपलेत.

मी म्हटलं, हो.