प्रश्न क्रमांक एकतीसचं खरं उत्तर

नाही म्वाकिओ, आधी बस. ओरडायचंय ते नंतर ओरड. आणि वकीलबाई, हेही टाईप करा. मी बोलते ते सगळं कागदावर आलं पाहिजे, 'बस'सुद्धा.

तर मी, वाकेशो म्घालू, वय एकाहत्तर, निवृत्त गणित शिक्षिका, त्याआधी रॅलीची नॅव्हिगेटर, राहणार व्होई, वुंदान्यी रस्ता, या ऑफिसचा जिना स्वतःच्या पायांनी चढून आले आहे. डोकं ठिकाणावर आहे. वकील चेरोनोबाईंना सतराचा पाढा उलटा म्हणून दाखवलाय. प्यायलेले नाही. कुणी धमकावलेलं नाही. समोरचा इसम जॉस्फत म्वाकिओ, वय चौऱ्याहत्तर, रॅलीतला माझा ड्रायव्हर, 'साबा' बारचा मालक, मघापासून डोळे वटारतोय, पण ती धमकी धरू नये, त्याचे डोळे तसेच आहेत. तो माझा नवरा कधीही नव्हता. गावाला काय वाटतं ते गावाने आपल्या मृत्युपत्रात लिहावं.

याआधीचं मृत्युपत्र रद्द. त्यात मी गाडी चर्चला दिली होती. रागात होते.

कलम एक. घर, तीन खोल्या आणि मागचं अव्होकॅडोचं झाड, भाची म्कावासीला. झाड तोडायचं नाही. शेजारच्या पास्टरच्या बकऱ्या कुंपणातून आल्या तर एकदा हाकलायच्या, दुसऱ्यांदा बांधून ठेवायच्या, तिसऱ्यांदा पाहुणे बोलवायचे.

कलम दोन. दोन जॅक, पान्यांची पेटी, चिखलातून गाडी काढायच्या पत्र्याच्या पट्ट्या, हेही म्कावासीला. ती गॅरेज चालवते, तिला कळतं. तेरा नंबरचा पाना पेटीत नाही. तो १९८३ पासून म्वाकिओकडे आहे.

"परत दिला होता गं!"

दिला नव्हता. टाईप करा, दिला नव्हता.

कलम तीन. रॅलीच्या प्रश्नांच्या माझ्या सहा वह्या. म्वाकिओ दर इस्टरच्या शनिवारी बारमध्ये प्रश्नमंजूषा घेतो, जिंकणाऱ्याला बोकडाची मांडी. वह्या बारला द्याव्यात, कारण मालक अडतीस वर्षं चुकीचं वाचतोय. १९६३ च्या सफारी रॅलीत चौऱ्याऐंशी गाड्या निघाल्या, सात पोचल्या. १९६८ ला त्र्याण्णव निघाल्या, तरी सातच. हा दरवर्षी आकड्यांची अदलाबदल करतो. अरे, साबा म्हणजे सात, त्या सातांवरूनच तू बारचं नाव ठेवलंस ना! दारावर सात रंगवलंय आणि आत आल्यावर बोंब.

कलम चार. आता प्रश्न क्रमांक एकतीस.

"वाकेशो, लोक विसरलेत ते."

तू विसरू देतोस? दर इस्टरला माईक घेऊन उभा राहतोस. "१९७८ ची ताइता रॅली कोणती जोडी जिंकता जिंकता हरली, आणि का?" आणि सगळा बार ग्लास आपटत ओरडतो, "वाकेशोचं घड्याळ पुढे होतं!" मी कोपऱ्यात बसून भाजलेलं मांस खात असते. मागच्या वर्षी एक पोरगी मला विचारते, "आजी, तुम्ही ओळखत होता का त्या बाईला?"

वकीलबाई म्हणतायत हे कलमात बसत नाही. बसवा.

ज्यांना रॅली माहीत नाही त्यांच्यासाठी. गाडी ड्रायव्हर चालवतो, रस्ता आणि घड्याळ नॅव्हिगेटर सांभाळते. रॅलीत उशिरा पोचलं तर दंड, आणि लवकर पोचलं तरी दंड. वेळ नोंदवायच्या ठाण्यावर ठरलेल्या मिनिटातच कार्ड द्यायचं. ठाण्याच्या अलीकडे पिवळी पाटी असते. ती ओलांडली की तुम्ही पोचलात, मग गाडीत बसून देवाचा धावा करा नाहीतर नखं खा. लवकर आलात तर पाटीच्या अलीकडे थांबायचं. एवढं साधं आहे. शेंबडं पोरही थांबेल.

तर १९७८, ऑगस्ट. तावेटाहून निघून डोंगर चढून उतरून आम्ही व्होईला येतोय. दुसऱ्या नंबरपेक्षा तीन मिनिटं पुढे. शेवटचं ठाणं रेल्वेच्या मैदानात, आमचं मिनिट चार वीसचं. मी म्हटलं, "म्वाकिओ, चार मिनिटं हातात आहेत. पाटीच्या अलीकडे उभी कर." हा म्हणाला, "हो." आणि तेवढ्यात याला आई दिसली. मामा म्कावुघांगा, आमच्याकडे मामा म्हणजे आई. पाटीच्या पलीकडे. बायका मोठ्या पाहुण्यासाठी अंथरतात तसा तिने आपला लेसो, कमरेला गुंडाळायचं कापड, रस्त्यावर पसरला होता, लाल, नवा कोरा, आणि त्याच्या कडेला उभी राहून नाचत होती.

मी ओरडले, "थांब!" हा म्हणाला, "आई आहे गं." आणि गाडी घातली सरळ लेसोवर. घड्याळात चार सोळा.

चार मिनिटं लवकर, चार मिनिटं दंड, एका मिनिटाने हरलो.

म्हातारी खिडकीशी आली. "तोंडं का पाडलीत रे?" हा स्टिअरिंगला धरून बसलेला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "वाकेशोचं घड्याळ पुढे होतं, आई." मी तोंड उघडलं. पण ती बिचारी खाली वाकून टायरखालचा लेसो ओढत होती. तिला काय सांगू, की तुझ्या लेसोने हरवलं? गप्प बसले. संध्याकाळी हा म्हणाला, "पुढच्या रॅलीत सांगतो सगळ्यांना." पुढच्या रॅलीत मला कुणी गाडीत घेतलंच नाही. त्यानंतरही नाही. पुढे पळणाऱ्या घड्याळाची बाई कोण घेणार? एकतीस वर्षं पोरांना लघुत्तम साधारण विभाज्य शिकवला, आणि पोरं पाठीमागे मला 'मिस चार मिनिटं' म्हणत.

मामा १९९४ ला गेली. तोवर गप्प बसले ते तिच्यासाठी. त्यानंतरची वर्षं म्वाकिओच्या नावावर मांडावीत.

आता रडू नकोस. टेबल ओलं होतंय.

कलम पाच. ती गाडी. पांढरी प्यूजो ५०४, दारावर अजून आमचा नंबर बावीस. बार बांधायला म्वाकिओने विकायला काढली तेव्हा मी घेतली. तेव्हापासून हा दर रविवारी चर्च चुकवून माझ्या शेडमध्ये येतो, तिला पुसतो, तिच्याशी बोलतो. माझ्याशी इतकं कधी बोलला नाही. ही गाडी मी जॉस्फत म्वाकिओला देते.

हसू नकोस, पुढे ऐक. कायदा असा आहे, वकीलबाईंनी मला दोनदा समजावलाय: मृत्युपत्रावर दोन साक्षीदार लागतात, आणि जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला त्याच कागदातून मिळालेलं सोडावं लागतं. पहिली सही वकीलबाईंची. दुसरीची जागा रिकामी आहे. सहीच्या वर एक ओळ आहे, "कलम चार खरं आहे." तिथे तू सही केलीस तर गाडी म्कावासीची. ती इंजिन उघडेल, चिखलात घालेल, बावीस नंबर खरवडून काढेल. आणि या पानाची प्रत बारमध्ये लागेल, प्रश्न एकतीसच्या उत्तराला.

नाही केलीस तर दाराशी म्वाचोफी शिंपी उभा आहे, तो साक्षीदार होईल. ती वरची ओळ खोडू. गाडी तुझी. मी शब्दानेही बोलणार नाही. इस्टरला येईन, कोपऱ्यात बसून मांस खाईन.

कलम सहा. माझं घड्याळ 'साबा'च्या भिंतीवर, चालू स्थितीत. रोज चावी म्वाकिओने द्यायची आणि रेल्वेच्या घड्याळाशी ताडून बघायचं. काही फरक सापडला तर माझ्या थडग्यावर येऊन सांगायचं.

कलम सात. प्रेतयात्रा अकराची ठरली तर अकरालाच निघावी. आधी नाही.

माझी सही मी दोघांसमोर केली आहे, चार दहाला. म्वाकिओ, तुझं मिनिट चार वीसचं. तोवर विचार कर. आधी पेन उचलू नकोस. मी काचेच्या दाराबाहेर बाकावर बसते. सही होताना मी समोर असावी असं कायदा म्हणतो, तर काचेतून मला सगळं दिसेल. ऐकू मात्र काही येणार नाही, आणि मला ऐकायचंही नाही. सत्तेचाळीस वर्षं ऐकलंय.

"वाकेशो, थांब गं, एक मिनिट..."

दार लावते.

ठिकाण: व्होई
तारीख: १४ ऑगस्ट २०२५
मृत्युपत्र करणारी: वाकेशो म्घालू (सही)

साक्षीदार एक: चेरोनो, वकील (सही)

कलम चार खरं आहे.
साक्षीदार दोन: जॉस्फत म्वाकिओ (सही)
वेळ, त्याच्याच अक्षरात: चार वाजून सोळा मिनिटं