रिकाम्या भिंतीसमोरचे गुरुवार

६ फेब्रुवारी, गुरुवार

तिसरीची पोरं आली आज! बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आणि अर्ध्यांचे मोजे भिजलेले. कला केंद्राच्या गुळगुळीत फरशीवर सगळीकडे ओले पाय. कॉरिन आमची संचालिका, तिचा त्या फरशीवर भारी जीव. पण आज गप्प बसली बिचारी.

हे जाड मार्करनं लिहितेय. पेननं लिहिलं की दुसऱ्या दिवशी माझं मलाच लागत नाही. पानावर जेमतेम सात-आठ ओळी बसतात. बसू देत. कोण वाचणार आहे!

पोरांना चित्रं दाखवायचा आमचा नियम एकच – आपण काही सांगायचं नाही. विचारायचं. काय दिसतंय? कशावरून म्हणतोस? अजून काय? आणि मूल जे बोलेल ते उचलून पुढे जायचं, चूक म्हणून म्हणायचं नाही. माझा नवरा वॉल्टर गेला त्या हिवाळ्यात कॉरिननं मला हे शिकवलं आणि दर गुरुवारी माझ्या ताब्यात एकेक वर्ग दिला. तेव्हापासून मी माणसात आहे.

आणि आता तर हा नियम म्हणजे माझी काठीच झालाय. चित्रात काय आहे ते पोरंच सांगतात. मला दिसलं काय, नाही दिसलं काय!

११ फेब्रुवारी

डुलुथ शहरात डोळ्यांच्या डॉक्टरकडे. शेजारची डोलोरस घेऊन गेली. (माझी गाडी नोव्हेंबरपासून दारात उभी आहे. लोकांना सांगितलंय, बॅटरी गेलीय. बॅटरी बदलायला तीन महिने लागतात का, असं अजून कुणी विचारलेलं नाही.)

डॉक्टर पोरसवदा. म्हणाला, "मधलं दिसणं गेलंय, ते परत येणार नाही. कडेकडेचं राहील." म्हणजे समोरच्याचे कान दिसतील, तोंड नाही. आमच्या गावात काही तोंडं अशी आहेत की त्यात नुकसान नाही.

परत येताना डोलोरस म्हणाली, "कॉरिनला सांगितलंस?"

"सांगेन."

"कधी? भिंतीवर आपटल्यावर?"

सांगितलं तर कॉरिन रागावणार नाही. तेच तर वाईट आहे. हात हातात घेईल, "आर्लिस, आता तुम्ही आराम करा" म्हणेल, आणि गुरुवार दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकेल. मग मला सगळे वार सारखेच.

नाही सांगणार.

१३ फेब्रुवारी

हिमवादळ. शाळा बंद. चरफडत बसले.

२० फेब्रुवारी, गुरुवार

असा गुरुवार कधी झाला नव्हता!

चौथीचा वर्ग, थॉरसन मास्तरांचा. मातीकामाची खोली झाली, विणकामाचे माग झाले, मग शेवटच्या दालनात गोठलेल्या तळ्याच्या चित्रासमोर सगळ्यांना खाली बसवलं. दाराएवढं आडवं चित्र. नुसता पांढरा बर्फ, लांब कोपऱ्यात मासे धरणाऱ्यांची एक झोपडी, आणि तिच्या बाजूला दोन माणसं. पोरांना हे नेहमी कंटाळवाणं वाटतं, म्हणून मी ते शेवटी ठेवते.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

सगळे चिडीचूप. एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मग मारित नावाची मुलगी, बारीक आवाजाची, हळूच म्हणाली, "मिस आर्लिस, मला काही दिसत नाही. नुसतं पांढरं आहे."

"वा! कुठे कुठे पांढरं?"

"सगळीकडे. मधे एक चौकोन जास्त पांढरा आहे. त्याच्या भोवती धुळीची रेघ आहे."

धुळीची रेघ! बर्फावरच्या वाऱ्याला आजवर असं कुणी म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, "अजून नीट बघ. आणखी काय?"

"दोन खिळे आहेत," ती म्हणाली. "नुसतेच खिळे. त्यांच्यावर काही नाही."

लांबची ती दोन माणसं – खिळ्यांसारखी! मग बाकीच्यांनाही कंठ फुटला. "इथे काहीतरी होतं, ते गेलं." "कशावरून?" "जागा उरलीय ना." एक गुबगुबीत मुलगा म्हणाला, "जे गेलं ते मोठं होतं. आणि खूप दिवस इथेच राहत होतं." कुणीतरी म्हणालं, आमचा कुत्रा मेला तेव्हा त्याच्या गोधडीची जागा अशीच दिसायची. थॉरसन मास्तर सारखे खाकरत होते. निघताना एवढंच म्हणाले, "हे काहीतरी वेगळंच होतं हं, मिसेस कांगस."

घरी चालत येताना मी गुणगुणत होते. या वयात!

२१ फेब्रुवारी

कॉरिनचा फोन. आवाजात नुसता आनंद. "आर्लिस, तुम्ही कमाल आहात! थॉरसननं सांगितलं. रिकाम्या भिंतीसमोर वर्ग बसवलात म्हणे! ही कल्पना सुचली तरी कशी?"

मी म्हटलं, "कसली भिंत?"

ती खळखळून हसली. म्हणाली, "आणि वर साळसूदपणा!"

तळ्याचं चित्र बुधवारी संध्याकाळीच उतरवलं होतं. मिनीआपोलिसच्या प्रदर्शनाला गेलंय. कॉफीच्या यंत्राशेजारच्या फळ्यावर सूचना होती. माझ्यासाठी त्या फळ्यावर गेले कित्येक महिने नुसतं धुकं आहे.

म्हणजे त्या वीसेक पोरांना, एका मास्तरांना आणि सोबत आलेल्या दोन आयांना मी उघड्या भिंतीकडे बघायला लावलं, आणि एकानंही म्हटलं नाही की बाई, इथे चित्र नाहीये! म्हणणार कसं? आमच्याकडे कुणाच्या सुपात केस निघाला तर तो बाजूला काढून सूप छान झालंय म्हणतात. दोष कुणाला देऊ? मीही तशीच.

"सुचली अशीच," मी कॉरिनला सांगितलं. झालं. बोलून बसले.

२४ फेब्रुवारी

केंद्र बंद असताना किल्लीनं आत गेले, स्वतःच्याच घरात चोरी करायला शिरावं तशी. भिंत हातानं चाचपली. दोन खिळे. मधे गार, सपाट, काही नाही.

तिथेच बाकावर बसून राहिले. लाज वाटली. आणि मूर्खासारखा त्या पोरांचा अभिमानही वाटला.

६ मार्च, गुरुवार

कॉरिनचा हट्ट – आजच्या पाचवीलाही "तुमची भिंत" दाखवा. दाखवली. पोरं भन्नाट बोलली. एकीला भिंतीत भेग दिसली, तिची नदी झाली, नदीवर गाव वसलं.

मी आता सराईत खोटारडी झालेय. वाईट हे की खोटं काम खऱ्यापेक्षा छान चाललंय.

१६ मार्च

चर्चच्या तळघरात सामुदायिक जेवण. रानतांदळाचं सूप, ओव्हनमधला बटाट्याचा हॉटडिश, लेमनच्या गोड वड्या, म्हणजे आमचे बार. जो तो येऊन, "आर्लिस, ऐकलं हं भिंतीचं!" मी मान खाली घालून गिळत होते. लोकांना वाटलं, विनय!

कॉरिन प्लेट घेऊन आली. तालुक्याच्या कॉलेजातले शिक्षक व्हायला शिकणारे विद्यार्थी एप्रिलमध्ये येणार आहेत, खास माझी पद्धत बघायला. "प्रोफेसर हॅडलींना ती अभ्यासक्रमात घ्यायचीय," ती म्हणाली. "चित्र परत आलं तरी मी ती भिंत मोकळीच ठेवणार आहे."

टेबलाखालून डोलोरसनं माझ्या नडगीवर लाथ मारली. अजून दुखतेय.

१७ मार्च

डोलोरस सकाळीच हजर. कॉफी घेईना, बसेना.

"उद्या ती पोरं मास्तर होतील," म्हणाली. "वर्गात जाऊन उघड्या भिंती दाखवतील. का? तर तुला चष्म्याची लाज वाटते म्हणून."

"चष्म्यानं होत नाही गं माझं काही."

"मग तसं सांग त्यांना!"

दार आपटून गेली. पाच मिनिटांनी विसरलेले हातमोजे न्यायला परत आली, आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिला असं जमत नाही कधी.

२९ मार्च

तळं तडकायला लागलंय. आवाज इथपर्यंत येतो. आज समोरच्या रस्त्यावरचं कुणीच ओळखू आलं नाही, आवाज ऐकेपर्यंत.

१० एप्रिल, गुरुवार

कॉलेजची मुलं आली. सगळ्यांच्या हातात वह्या. भिंतीसमोर बसली. मी विचारलं, "काय दिसतंय?" – आणि काय तो पूर! अनुपस्थिती. विस्मृती. एक मुलगा बाजारपेठेच्या अर्थकारणावर घसरला. कुणालाही खिळे दिसले नाहीत.

हॅडलीबाई खूश. मग मागून एका मुलीनं अगदी साध्या आवाजात विचारलं, "मिसेस कांगस, हे तुम्हाला पहिल्यांदा सुचलं कसं?"

उत्तर तयार होतं माझ्याकडे. घरी चार वेळा म्हणून बघितलं होतं. पण ती मुलगी खरंच विचारत होती. हिला उद्या वर्गात उभं राहायचंय. हिला मी थाप मारू?

"सुचलं नाही," मी म्हणाले. "मला दिसलं नाही. चित्र उतरवलंय हेच मला कळलं नाही. मला समोरचं दिसत नाही. आत्ता तुझंही तोंड दिसत नाहीये. फक्त तुझे केस लाल आहेत एवढं कळतंय."

कोपऱ्यात कॉरिन उभी होती, ती रडतेय हे नाक ओढण्यावरून समजलं. मी म्हटलं, "त्या दिवशी जे काही चांगलं झालं, ते चौथीच्या पोरांनी केलं. ते वहीत लिहा. मला त्यातून काढा."

हॅडलीबाई म्हणाल्या, "हं. हे वेगळंच आहे." आणि मग, देव तिचं भलं करो, मागच्या खोलीतून बदली स्वयंसेविका ब्रेन्डा ओरडली, "कॉफी तयार आहे!" आणि सगळे उठले.

११ एप्रिल

कॉरिन घरी आली, बदामाचे बार घेऊन. आमच्याकडे कुणी मेलं की आणतात तसे.

रागावली नाहीच. हात हातात घेतला. म्हणाली, "शाळेच्या सहलींत जिने आहेत, मातीकामाची भट्टी आहे, चौथी-पाचवीची पोरं आहेत. माझी जबाबदारी आहे, आर्लिस." बरोबर आहे. मी तिच्या जागी असते तर हेच म्हणाले असते. गुरुवार ब्रेन्डाला दिले. मला म्हणाली, पत्रकांच्या घड्या घालायला या ना मधून मधून. मी म्हटलं, बघते.

ती गेल्यावर सगळे बार एकटीनं खाल्ले.

१७ एप्रिल, गुरुवार

दहाच्या सुमाराला शाळेची बस गेली दारावरून. आवाजावरून ओळखली. पोरं गात होती.

खूप रडले आज. लिहून ठेवते, म्हणजे नंतर नाही म्हणता येणार नाही.

२५ एप्रिल

डोलोरसनं गाडी विकून टाक म्हटलं. टाकली. घेणारा म्हणाला, बॅटरी तर उत्तम आहे!

३ मे

को-ऑप दुकानात दूध घ्यायला गेले होते. कुणीतरी बाही ओढली. मारित! आजोबांचा हात धरून आली होती. ते मान तिरकी करून, डोळ्यांच्या कडेनं फडताळाकडे बघत होते, अगदी मी बघते तसे. ती म्हणाली, "मिस आर्लिस, त्या दिवशी मी तुम्हाला सांगत होते, की चित्र नाहीये. तुम्ही आजोबांसारखी मान केलीत ना, तेव्हाच मला कळलं. पण सगळ्यांसमोर कसं सांगायचं? म्हणून उत्तर दिल्यासारखं सांगितलं."

तिनं मोकळा हात माझ्या हातात दिला आणि आम्हा दोघांना गल्ल्यापर्यंत घेऊन गेली. सगळी वाट हळू आवाजात सांगत होती – डावीकडे अंडी आहेत, आता सामानाची गाडी ढकलणाऱ्या बाई, पुढे फरशी ओली आहे.